विंचूरची टाकी आणि नानांचा पासवर्ड

डॉक्टरांच्या आठवणींत रोगी असतात, वकिलांच्या आठवणींत खुनी असतात. माझ्या आठवणींत पंख्याचा आवाज करणारे लोखंडी डबे आहेत, आणि तेही दुसऱ्यांच्या गावातले. संपादकबाईंना मी हे आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "डब्यांबद्दलच लिहा, फक्त माझ्या आईला समजेल असं लिहा." तेव्हा त्यांच्या आईंना नमस्कार करून सुरुवात करते.

सर्व्हर म्हणजे अनेकांचं काम एकट्याने उपसणारा संगणक. तो कोपऱ्यात असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि तो आजारी पडला की सगळ्या घराला एकदम त्याची आठवण होते. बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नाशिक रोडला, नोटांच्या प्रेसच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वस्तीत, मी आणि माझा पार्टनर शरद अशा डब्यांची देखभाल करायचो. ऑफिस दोन खोल्यांचं, गिऱ्हाइकं मात्र जिल्हाभर पसरलेली.

नव्वदच्या दशकात देखभाल म्हणजे एसटी. सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्याचा सर्व्हर बंद पडला की मी सकाळची गाडी पकडायची, धूळ खात जायचं, एक बटण दाबायचं, चहा प्यायचा आणि परत. एकदा गेले तर सर्व्हरचा प्लग काढून तिथे कूलर लावलेला. तिथला म्हातारा दिवाणजी अगदी मायेने म्हणाला, "ताई, डबा तापेल व्हता. म्हनीसन त्याले जराखा आराम दिधा." अशा माणसावर रागावणार कसं? तरीही मी रागावले. माझा स्वभावच तसा आहे, तो लपवून काय उपयोग.

पुढे टेलिफोनच्या तारेवरून, नाशकात बसूनच हुकूम टाइप करता यायला लागले. एसटी सुटली, पण झोप गेली. कारण सर्व्हर उलट विचारत नाही. शिपायाला "कपाट रिकामं कर" म्हटलं, तर तो डोकं खाजवत का होईना, "कुठलं?" एवढं विचारतो. सर्व्हर विचारत नाही, रिकामं करतो. शरदने एकदा सटाण्याचा समजून आमचाच सर्व्हर बंद केला होता आणि मग अर्धा तास सटाण्यातल्या लोकांना फोनवर झापत होता.

म्हणून दोन हजार सालानंतर, ब्राउझर घरोघर झाले तेव्हा, शरदने एक पॅनल लिहिलं. वेब पानच ते, पण त्यावर मोजकी बटणं. सुरू करा, बंद करा, पुन्हा सुरू करा. शिवाय प्रत्येक यंत्राची तब्येत दाखवणारे आकडे. गिऱ्हाइकांची हुशार भाचेमंडळी आमच्या मागे लागायची, "एक मोकळी चौकट द्या ना, आम्हाला हवा तो हुकूम लिहू." मी साफ नाही म्हणायचे. रेशनच्या दुकानाला खिडकी असते. मागाल ते आतला माणूस खिडकीतून देतो, तुम्हाला गोदामात सोडत नाही. आमचं पॅनल तशी खिडकी होतं. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. प्रत्येक बटणानंतर "नक्की का?" असा प्रश्न. आणि कुणी केव्हा काय दाबलं याची नोंद. चोर, खोडकर, विसरभोळा, तिघांचाही बंदोबस्त केलाय अशी आमची खात्री होती.

आता विंचूर.

नानाभाऊ मूळचे सटाण्याकडचे. खायच्या द्राक्षांचा जुना बाग त्यांनी स्वतःच्या हाताने उपटला, वाईनची द्राक्षं लावली आणि विंचूरच्या वाईन पार्कात छोटी वायनरी उभी केली. पाहुणे-रावळे हसले. "नाना आता गिलास भरणार," म्हणून लग्नाकार्यात चेष्टा व्हायची. तीन वर्षं वेली वाढवून पहिला माल टाकीत आला तेव्हा ते रोज टाकीजवळ जाऊन कान लावून आतली खळखळ ऐकायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वाईन कशी होते ते सोपं आहे. रसात यीस्ट सोडलं की ते साखर खातं आणि दारू करतं. पण खाताना ते तापतं, आणि तापलं की आणखी खा खा करतं. पांढरी वाईन पंधरा-सोळा अंशांत राहायला हवी. पंचविशीच्या पुढे गेली की तिचा सुगंध उडतो, तिशी ओलांडली की यीस्टच मरतं आणि उरतं ते शिजलेलं गोडसर पाणी. म्हणून स्टीलच्या टाकीला दुहेरी भिंत असते आणि मधल्या पोकळीतून थंड पाणी फिरवतात. ते पाणी सोडणारे व्हॉल्व्ह नानांच्या वायनरीत सर्व्हर उघडायचा. हाताने उघडायचा कॉकही असायला हवा होता. तो बसवणारा कंत्राटदार "येतोच पुढच्या आठवड्यात" म्हणून हंगाम सुरू झाला तरी आलेला नव्हता.

त्या हंगामात नानांची पहिली टाकी तापून वाया गेली. व्हॉल्व्ह दिवसभर उघडलेच नाहीत. आम्ही नोंदी पाहिल्या. "पुन्हा सुरू करा" हा हुकूम सकाळपासून दिवसभर, पुन्हा पुन्हा दिलेला होता. हा हुकूम तसा निरुपद्रवी. सर्व्हरवरचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, नव्याने सुरू होताना आधी खबरदारी म्हणून सगळे व्हॉल्व्ह बंद करतो, एकेका टाकीचं तापमान विचारतो आणि मग काही मिनिटांनी व्हॉल्व्ह उघडतो. पण त्या काही मिनिटांच्या आत पुन्हा तोच हुकूम आला, की पहिल्यापासून सुरुवात. पाणी सुटतच नाही.

आणि नोंदीत नाव होतं नानांचं.

"मी काय वेडा आहे का ताई, माझीच टाकी तापवायला?" नाना म्हणाले. "आकडे अडकले होते, म्हणून सकाळी एकदा दाबलं. एकदाच. देवाशपथ."

नाना खोटं बोलणारा माणूस नव्हे. मग पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला होता. तो होता त्यांच्या लेकीचं नाव, मधुरा. वायनरीचं नावही मधुरा. म्हणजे पासवर्ड फाटकावरच्या पाटीवर, हातभर अक्षरांत रंगवलेला होता. मी कपाळावर हात मारला आणि तो बदलून दिला.

नानांचा संशय रंगनाथवर बसला. रंगनाथ जवळच्याच खेड्यातला, चाळिशीचा, टाक्या धुणारा, रस ओढणारा, शेडमधलं सगळं बघणारा माणूस. शेजारच्या वायनरीवाल्याने त्याला जास्त पगाराचं बोलावणं पाठवल्याचं नानांच्या कानावर आलं होतं. "त्यानेच फोडलाय याला," नाना म्हणाले. "मी केबिनमध्ये बसतो तेव्हा हा पाठीमागे उभा असतो. बोटं बघतो माझी." मी म्हटलं, "नाना, पुरावा नाही." ते म्हणाले, "मिळेल."

फेब्रुवारी संपत आला होता आणि दुपार तापली होती. शरद मालेगावला गेलेला. मी डबा उघडून भाकरी मोडतेय तोच विंचूरहून नानांचा फोन आला.

"ताई, मोठी टाकी चढतेय. आकडे अडकले होते, म्हणून 'पुन्हा सुरू करा' दाबलं. तेव्हापासून व्हॉल्व्ह उघडतच नाही. एकोणीस झालंय."

मोठ्या टाकीत नानांच्या मळ्यातला उरलेला सगळा माल होता. ती गेली तर त्या वर्षी नानांच्या हातात दाखवायला एक बाटलीही उरणार नव्हती, आणि मग लग्नाकार्यातले हसणारे खरे ठरले असते.

मी भाकरी बाजूला सारून पॅनल उघडलं आणि नोंदी पाहिल्या. "पुन्हा सुरू करा", नानांच्या नावाने. थोड्या वेळाने परत तेच. मग परत.

"नाना, तुमच्या नावाने कुणीतरी हुकूम देतंय."

"कुणीतरी नाही. रंगनाथ. पण आज मी त्याला आत घेऊन दाराला कडी लावलीय. माझ्यासमोर खुर्चीवर बसवलाय. बघू आता टाकी कशी तापते. संध्याकाळी चौकीत नेतो."

लांबून आवाज आला, "नाना, म्या हात बी लावला नाय त्या कंप्युटरला. लेकराची आन."

"गप बस तू."

मी नानांचा पासवर्ड तिथल्या तिथे बदलला. नवा काय आहे ते नानांनाही सांगितलं नाही. आता चोराची वाट बंद, म्हणून श्वास सोडला. नोंदीत नवी ओळ उमटली, नानांच्याच नावाने. पासवर्ड बदलल्यानंतर.

जो पासवर्ड माझ्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नाही, तो ओलांडून कुणी आत बसलंय, एवढाच त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. (खरं कारण साधं होतं. एकदा आत आलेल्याला पॅनल बाहेर काढत नव्हतं. पासवर्ड फक्त दारात विचारला जायचा.) पॅनलच बंद करून टाकावं असं मनात आलं. पण मग मलाही आत जायला दुसरी वाट नव्हती. हुकूम टाइप करायची जुनी वाट सुरक्षिततेसाठी आम्हीच बुजवलेली. गाडी काढून निघावं, तर विंचूर तासाहून लांब, आणि टाकी तेवढी थांबणार नव्हती.

"बावीस," नाना म्हणाले. थोड्या वेळाने, "तेवीस." आवाज बदलत चालला होता. नाना आमच्याशी शुद्ध बोलायचे, पण घाबरले की अहिराणीत जायचे. "ताई, काहीतरी करा ना. टाकी तापी राहिनी."

"नाना, रंगनाथ आत्ता कुठे आहे?"

"आठेच शे. माझ्या समोर."

"त्याचे हात?"

"गुडघ्यावर."

"कडी?"

"लावेल शे."

मी नोंदीवर डोळे लावून बसले होते. पाहता पाहता नवी ओळ आली.

"नाना, ऐका. आत्ता, तुम्ही त्याच्या हातांकडे बघत असताना, तुमच्या नावाने पुन्हा हुकूम सुटला. तो रंगनाथ नाही."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "मंग कोन?"

मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. फोन कानाला दाबून मी नुसती बसले. त्या शांततेत मला पलीकडून एक बारीकसा आवाज ऐकू आला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. आणि पडद्यावर नवी ओळ.

"नाना, तुम्ही आत्ता काय करताय?"

"काहीच नही, ताई. नुसतं रिफ्रेश मारी राहिनू. आकडा उतरना का ते दखी राहिनू."

आपल्याकडे रिफ्रेश मारणं, म्हणजे कळ दाबून पडद्यावरचं पान नव्याने आणणं, याला कुणी 'काही करणं' समजत नाही. कम्प्युटर क्लासात पहिल्याच दिवशी शिकवतात. संगणक सुरू केला, मार रिफ्रेश. संथ झाला, मार रिफ्रेश. काही सुचेना, मार रिफ्रेश. जांभई आली की चुटकी वाजवतात, तसं ते बोटांना लागलेलं असतं. बँकेतला कारकून, सायबर कॅफेतला पोऱ्या, माझा स्वतःचा नवरा, सगळे मारतात, आणि विचारलं तर शपथेवर सांगतील की आम्ही कशालाही हात लावला नाही. नानांनीही शपथ घेतली होती, आणि ती त्यांच्या परीने खरीच होती.

शरदच्या पॅनलमध्ये "नक्की का?" ला "हो" म्हटलं की जे पान उघडायचं, त्या पानाचा पत्ता हाच मुळी हुकूम होता. खाली टाक्यांचे आकडे दिसायचे, म्हणून नाना तेच पान उघडं ठेवून बसायचे. ते पान रिफ्रेश केलं की आकडे ताजे व्हायचे आणि जाता जाता हुकूमही पुन्हा सुटायचा, काही न विचारता. शरद आणि मी पॅनल चालवणारे लोक. काम झालं की मुखपृष्ठावर परतायचं ही आमची सवय, म्हणून आमच्या हातून हे कधी घडलं नाही. टाकी जितकी तापे तितके नाना घाबरत, जितके घाबरत तितकं रिफ्रेश मारत, आणि जितकं मारत तितकी टाकी तापे.

"नाना, कीबोर्डावरून हात उचला. दोन्ही."

"पण आकडा..."

"हात उचला!" मी ओरडले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून पाहिलं. "उचलले का? आता तो पडदाच बंद करा. संगणक नको, नुसता पडदा. आणि मी सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

"केला बंद. मंग माले कसं समजीन?"

प्रश्न बरोबर होता. कार्यक्रम सुरू होईपर्यंत माझ्या पडद्यावरही 'सुरू होत आहे' एवढंच दिसणार होतं, आणि या मधल्या वेळात व्हॉल्व्ह उघडतोय की नाही हे सांगणारं यंत्र आमच्या दोघांकडेही नव्हतं. आकडे आधीच दोनदा अडकले होते. आता मीही घाबरले होते आणि माझं बोट आपोआप कीबोर्डाकडे जात होतं. मी चक्क हातावर बसले.

"कुणीतरी टाकीच्या भिंतीला हात लावून सांगायला हवं, नाना. पाणी सुटलं की भिंत गार होईल."

फोन तारेचा, केबिनच्या टेबलावरचा, म्हणजे नानांना तिथून हलता येत नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज नव्हती. बाकीची माणसं बाटल्यांचा ट्रक उतरवायला फाटकावर गेलेली. मला हे सगळं माहीत होतं, नानांनाही होतं. रंगनाथला सकाळपासून टाकीच्या आसपास फिरकू दिलेलं नव्हतं. आणि आता त्या टाकीला हात लावू शकेल असा तोच एक माणूस होता.

मग कडी निघाल्याचा आवाज आला.

"रंगनाथ," नाना म्हणाले, "तू जा."

खुर्ची सरकली, पावलं धावत गेली. मग मी आणि नाना, दोघं फोनला कान लावून. पाणी गार करणाऱ्या चिलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. माझ्या पडद्यावर तीच ओळ, सुरू होत आहे, सुरू होत आहे. आयुष्यात मी पुष्कळ हुकूम दिले, पण काहीही न करण्याइतकं अवघड काम मला दुसरं आठवत नाही.

शेडमधून हाळी आली, "अजून नाय!"

नानांचा श्वास ऐकू येत होता.

"नाय!"

आणि मग, किती वेळाने कोण जाणे, "नाना! खालून गार लागाय लागलं! लय गार! टाकीला घाम फुटला, नाना!"

नाना फोनवरच रडले. मी रडले नाही, पण भाकरी पुढे खाल्ली नाही एवढं खरं. पंचविशीला टेकलेला आकडा संध्याकाळपर्यंत हळूहळू उतरला. वाईन वाचली. सुगंध थोडा कमी झाला, असं जाणकार म्हणतात. मला वाईनमधलं काही कळत नाही.

शरदने त्याच आठवड्यात पॅनल दुरुस्त केलं. प्रत्येक हुकमाला एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि तो एकदा पाळला की बाद करायचा, एसटीचा कंडक्टर तिकिटाला चिमटा मारतो तसा. तेच तिकीट पुन्हा दाखवलं तर गाडी हलत नाही. पासवर्ड बदलला की आत बसलेल्यांना बाहेर काढायचं, हेही केलं. पुढे इतक्या वर्षांत आमच्या पॅनलवरून चुकीचा हुकूम सुटला नाही. हे मी थोड्या तोऱ्यातच लिहितेय.

नवं पॅनल दाखवायला मी विंचूरला गेले तेव्हा शेडमध्ये रंगनाथ नव्हता. त्या संध्याकाळी त्याने टाक्या धुतल्या, पाइप गुंडाळून जागेवर ठेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. शेजारच्या वायनरीत लागला होता. नाना म्हणाले, "ताई, तुम्ही चला माझ्याबरोबर. तुमचं ऐकेल तो. तुम्हीच त्याला सोडवलं."

आम्ही त्याच्या घरी गेलो. तो अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. उठून हात पुसले, बाज टाकली, आत चहाचं सांगितलं. नाना त्याच्याहून वयाने मोठे, मालक. तरी उभे राहूनच म्हणाले, "रंगनाथ, चुकलं माझं. तू परत ये. पगार तिकडच्याएवढा देतो."

"पगाराचं नाय, नाना. बसा तुमी."

"मग? माफी मागतोय ना मी. ताईंसमोर मागतोय."

"माफी कशाला, मोठे हाय तुमी. माझा राग बी नाय आता." त्याने पंपाची नळी उचलली, बघितली आणि पुन्हा खाली ठेवली. "येकच सांगा मला. त्या दिशी मला खुर्चीत बशिवलं, कडी लावली. मी बसल्यावर बी टाकी तापली, म्हनून मी सुटलो. आन नसती तापली तर?"

नाना बाजेवर टेकले. उत्तर आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आतून चहा आला, आम्ही तो घेतला आणि निघालो.